मीठ, मोहरी, आघाडा, पळस: नजर काढण्याच्या वनस्पती आल्या कुठून

नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत पोळ्याच्या संध्याकाळी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या डहाळ्या ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हे मेढे उचलून गावाबाहेर नेतात आणि आरोळी उठते, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" त्याच दिवशी शहरात इतवारी-महाल भागात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. 1880 च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक सगळ्यांना ठाऊक आहे. दारातल्या पळसाची गोष्ट मात्र तिच्याहून कितीतरी जुनी आहे. तंत्र, टोटके (तोडगे), नजर-धुरी शिकायला निघालेल्या माणसाने सुरुवात या गोष्टीपासून करावी, कारण कोणती वनस्पती का वापरतात हे कळलं नाही की माणूस यादी पाठ करत बसतो.

अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडातलं पाचवं सूक्त पर्णमणीचं आहे. पर्ण म्हणजे पळस. त्याच्या लाकडाचा मणी अंगावर बांधायचा, शत्रू हटावेत आणि बळ यावं म्हणून. चौथ्या कांडातली 17 ते 19 ही तीन सूक्तं अपामार्गाला, म्हणजे आपल्या आघाड्याला उद्देशून आहेत, आणि त्यांचा विषय थेट करणी परतवण्याचा आहे. आघाडाच का? उत्तर सातव्या कांडाच्या 65 व्या सूक्तात आहे. तिथे त्याला "प्रतीचीनफल" म्हटलंय, म्हणजे उलट्या तोंडाच्या फळांचा. पावसाळ्यात रस्त्याकडेचा आघाडा हातात घेऊन पाहा. तुऱ्यावरची फळं देठाला चिकटून खाली वळलेली असतात. शेंड्याकडून बुडाकडे बोट फिरवलं तर काही होत नाही. बुडाकडून शेंड्याकडे फिरवलं की टोकं टोचतात. ज्याची फळं मागे वळलेली, तो शापही मागे वळवेल, असा हा हिशेब. रूपावरून गुण ठरवण्याची ही रीत एकदा ध्यानात आली की टोटक्यांतल्या निम्म्या वनस्पतींचं कोडं सुटतं.

उरलेल्या निम्म्यांचा उगम वैद्याच्या खोलीत आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला एकोणिसावा अध्याय जखमी माणसाच्या देखभालीचा. रक्तामांसाच्या वासाने निशाचर येतात, म्हणून राखण करा, असं तिथे सांगितलंय. राखण कशाने? मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी, दिवसातून दोनदा, दहा दिवस, कंटाळा न करता. आज आपल्या घरी बाळावरून मीठ-मोहरी ओवाळून विस्तवात टाकतात, ते याच धुरीचं उरलेलं रूप असावं, असं आमचं ठाम मत आहे. तूप आणि कडुनिंब मागे पडले, मीठ-मोहरी राहिली, मिरची नंतर आली. ती पोर्तुगिजांसोबत सोळाव्या शतकात भारतात पोचली, त्यामुळे जुन्या ग्रंथांत ती सापडणारच नाही.

जुन्या पद्धतीची धुरी घरी करायची तर गोवरीचा तळहाताएवढा तुकडा लोखंडी घमेल्यात पेटवा. ज्योत पूर्ण विझून वर पांढरी राख धरेपर्यंत थांबा. घाई इथेच नडते. सावलीत वाळवलेली कडुनिंबाची दहा-बारा पानं चुरून त्यात अर्धा चमचा तूप चोळा आणि ती आधी टाका. मग चहाच्या चमच्याने एक चमचा मोहरी, शेवटी पाव चमचा जाडं मीठ. तुपामुळे पानं एकदम न पेटता धुमसत राहतात आणि मोहरी त्यांना चिकटते. तूप जास्त झालं की भडका उडतो आणि धूर मिळतच नाही. पानं ओली असली तर डोळे चुरचुरतात. खिडकी उघडी हवी. पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. कोळशाच्या वायूला वास नसतो आणि त्याने माणूस दगावतो.

"जोरात तडतडलं, म्हणजे नजर मोठी होती" असं घरोघरी म्हणतात. मोहरीच्या दाण्यात आणि मिठाच्या खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटतात, म्हणून तडतडतं. पोळ्याच्या सुमारास हवा दमट असते, तेव्हा मीठ जास्त उडतं. बाळाला घेऊन दोन हात लांब बसावं. मिरचीचंही तसंच. ज्योतीत पडली तर जळून जाते आणि ठसका लागत नाही. निखाऱ्यावर धुमसली तर अख्खं घर खोकतं. दमेकरी किंवा तान्हं बाळ असलेल्या घरात मिरची टाकूच नये.

लिंबू-मिरचीच्या माळेत एक लिंबू, सात मिरच्या आणि खाली एक बिबा असतो. यातला धोका बिब्याचा. टरफलातलं काळं तेल कातडीला लागलं की बहुधा दुसऱ्या दिवशी खाज सुटते आणि फोड येतात. परीट कपड्यांवर खुणा करायला हेच तेल वापरत, इतकं ते पक्कं. दाभणाने ओवताना बिबा चिमट्यात धरा, हाताला लागलं तर लगेच साबणाने धुवा, आणि बिबा विस्तवात कधीही टाकू नका, त्याचा धूर चेहऱ्यावर उततो.

इतवारीतल्या काष्ठौषधींच्या दुकानांतून सामान घेताना गुग्गुळ पारखून घ्यावा. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात त्याच्या वासाने यक्ष्मा (क्षयासारखा झिजवणारा रोग) पळतो असं म्हटलंय. पण हे झुडूप राजस्थान-गुजरातच्या कोरड्या मुलखातलं, आता फार दुर्मिळ झालेलं, त्यामुळे भेसळ खूप. खडा कोमट पाण्यात चोळा: खऱ्या गुग्गुळाने पाणी दुधाळ होतं, राळ तशीच राहते. धोतरा, गुंज आणि कण्हेर नवशिक्याने घरात आणू नयेत. तिन्ही विषारी आहेत. आणि "हत्थाजोडी" नावाची मुळी कोणी दाखवली तर हात लावू नका. ती मुळी नव्हेच, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. घोरपड वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये असल्याने ते जवळ बाळगणंही गुन्हा ठरतो.

या परंपरेला नागपुरातूनच कायद्याची चौकटही मिळाली. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1982 साली इथे स्थापन झाली, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर अध्यादेशाने आलेला जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर 2013 मध्ये इथल्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. आपल्याच घरात केलेली मीठ-मोहरीची धुरी त्यात येत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं मात्र येतं. अशा वेळी मेडिकल किंवा मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं गाठायची, आणि जखमेवर कसलाही पाला बांधायचा नाही.