डाळिंबाचा ताण आणि बारावीचा ताण

नाशिकच्या अशोक स्तंभाजवळ गाडी गर्दीत अडकली होती. मागे बसलेल्या भाचीने एकदम माझा खांदा घट्ट धरला. "मावशी, व्हीटस्टोन! तो व्हीटस्टोनचा ब्रिज होता गं! समतोलात होता. मधल्या रोधातून प्रवाह जातच नाही, तो काढूनच टाकायचा होता!" मग ती गप्प झाली. पंचवटीत घरी पोचून गाडी लावली तेव्हा कळलं, ती वाटभर रडत होती.

गंगापूर रोडवरच्या तिच्या क्लासमधली रविवारची सराव परीक्षा होती ती. भौतिकशास्त्राचा प्रश्न: पाच रोधांची, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणाऱ्या पाच घटकांची आकृती, जेमतेम दोन मिनिटांचं काम. अशी गणितं तिने घरी माझ्यासमोर सोडवलेली आहेत. पेपरात मात्र "नुसत्या रेघा दिसत होत्या" असं ती म्हणाली. आणि पेपर संपून अर्धा तास झाल्यावर, हॉर्नच्या गोंगाटात, उत्तर आपलं आपण वर आलं.

मी जीवशास्त्र शिकवते. "येत होतं, पण आठवलं नाही" हे वाक्य दरवर्षी ऐकते, आणि त्यावर पालकांचं ठरलेलं उत्तरही ऐकते: अभ्यास कच्चा आहे. मला ते उत्तर पटत नाही. अभ्यास कच्चा असता तर अशोक स्तंभाजवळ उत्तर आलं कुठून?

ते डोक्यातच होतं. तिथपर्यंत जायची वाट तेवढ्यापुरती बंद झाली होती.

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग खडबडून जागा होतो. समोर बिबट्या आहे की प्रश्नपत्रिका, हा फरक करत बसायला त्याला सवड नसते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांत अॅड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, तळहात ओले होतात. दुसरा निरोप जरा लांबच्या वाटेने जातो: मेंदूतल्याच हायपोथॅलॅमसकडून त्याखालच्या पिट्यूटरी ग्रंथीकडे, तिथून रक्तावाटे पुन्हा अधिवृक्क ग्रंथींकडे. मग कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक स्रवतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण वीस ते तीस मिनिटांनी सर्वांत जास्त होतं. म्हणजे हॉलमध्ये शिरताना धडकी भरली, तर कॉर्टिसोलचा भर नेमका पेपरच्या सुरुवातीला येतो.

कॉर्टिसोल हे विष नाही. रोज सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते वाढतंच, कारण दिवसाच्या कामाला लागणारी साखर रक्तात आणून देणं हे त्याचं काम. अडचण अशी की आठवणी साठवणाऱ्या आणि त्या पुन्हा बाहेर काढायला मदत करणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसोलला प्रतिसाद देणारे ग्राही भरपूर असतात. झुरिचमध्ये डोमिनिक द क्वेर्व्हाँ आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे फार बोलका आहे. लोकांना शब्दांची यादी पाठ करायला दिली. शरीरात गेल्यावर कॉर्टिसोल बनणारी कॉर्टिसोनची गोळी काहींना पाठ करण्याआधी दिली, काहींना पाठ केल्यावर लगेच आणि काहींना दुसऱ्या दिवशी, चाचणीच्या तासभर आधी. शब्द कमी आठवले ते या शेवटच्या गटाला. शिकणं बिघडलं नव्हतं. बिघडलं ते ऐन वेळी आठवणं.

याच वेळी कपाळामागचा मेंदूही ढिला पडतो. चार गोष्टी एका वेळी ध्यानात धरून त्यांचा हिशेब करणं हे त्या भागाचं काम, आणि निवांत असतानाही माणसाला साधारण चारच गोष्टी अशा धरून ठेवता येतात. पाच रोधांची गुणोत्तरं जुळवताना त्यातली एखाद-दुसरी जागा "आज पण कमी पडले तर" या विचाराने अडवली, की गणित हातचं सुटतं.

आता डाळिंबाकडे येते. विषय सोडून जात नाहीये.

भाचीचं गाव सटाण्याकडचं, तिच्या पप्पांची भगव्या डाळिंबाची बाग आहे. त्याच आठवड्यात दाजींचा फोन आला होता. डिसेंबर सरत आला होता, आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची फुलं, धरायचा होता, आणि ते सांगत होते, "बागेला ताण बसलाय चांगला. पानं पिवळी पडली. आता पानगळ करून पाणी सोडायचं." डाळिंबाला बहार धरायचा तर आधी पाणी तोडतात. झाडाची वाढ थांबते, अन्न काडीत साठतं, आणि पाणी मिळालं की त्या काडीवर फुलं निघतात. जमीन हलकी असेल तर ताण लवकर बसतो, भारी असेल तर जास्त दिवस लागतात. बागायतदार रोज पानाकडे बघून अंदाज घेतो. मी सहज विचारलं, अजून पंधरा दिवस थांबलात तर फुलं जास्त येतील का? दाजी म्हणाले, "छे! काडीच सुकंल. मग फूल यायचं कशावर?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या भाषेत हा एकच शब्द आहे, बागेलाही ताण आणि पोरांनाही ताण. पण बागेचा ताण तोडायचा दिवस ठरलेला असतो. भाचीचा ताण कोणी कधी तोडला होता? अकरावीच्या जूनपासून पहाटे सहाची बॅच, कॉलेजात प्रात्यक्षिकांपुरती हजेरी, दुपारी अभ्यासिका, रात्री डबा खाऊन पुन्हा पुस्तक. दर रविवारी परीक्षा आणि सोमवारी भिंतीवर गुणांची यादी. दिवाळीतही चारच दिवस सुट्टी, त्यात सुटीचा गृहपाठ. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, मग सीईटी, मे महिन्यात नीट. नीटला १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा. दीड वर्ष झालं होतं, आणि मी, जीवशास्त्र शिकवणारी मावशी, रोज दूध देताना विचारत होते, "आज किती धडे झाले?"

थोडा ताण कामाचा असतो, हे विज्ञानालाही मान्य आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले होते. अवघड निवड शिकवताना सौम्य झटका अपुरा पडायचा, जोराचा झटका शिकणं बिघडवायचा, आणि मधला सर्वांत चांगला चालायचा. मात्र त्यात एकेका झटक्याचा विचार होता. महिनोन्‌महिने पाणीच सोडलं नाही तर काय होतं, याचं उत्तर मला २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात मिळालं. एका मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर बुडालेले वीस वैद्यकीय विद्यार्थी त्यात घेतले होते. एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवायचं साधं काम त्यांना इतरांपेक्षा जड जात होतं, आणि मेंदूच्या चित्रणात कपाळामागच्या भागाचा इतर भागांशी असलेला मेळ कमी झालेला दिसला. परीक्षा होऊन गेली. महिनाभराने तेच विद्यार्थी पुन्हा तपासले, तेव्हा दोन्ही गोष्टी पूर्ववत झाल्या होत्या.

मेंदू तरुण असेल आणि ताण सुटला, तर तो भरून येतो. मला यातून फार धीर आला.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला फोन करून दोन दिवसांची रजा मागितली. "या टप्प्यावर?" असं विचारलं गेलं. हो म्हटलं, आणि तिला सटाण्याच्या एसटीत बसवलं.

ती परत आल्यावर आम्ही दोघींनी मिळून अभ्यासाची पद्धत बदलली. तास वाढवले नाहीत. ती वाचत खूप होती. वहीची पानं पिवळ्या-गुलाबी हायलाइटरने भरलेली, एकेक धडा चार-चार वेळा वाचलेला. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली हेच तपासलं. एका गटाने उतारा पुन:पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून नंतर पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

ताणाशी याचा थेट संबंध २०१६ साली टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवला. १२० जणांपैकी निम्म्यांनी वाचून आणि निम्म्यांनी आठवून तयारी केली. दुसऱ्या दिवशी काहींना लोकांसमोर आयत्या वेळी भाषण द्यायला आणि गणितं सोडवायला लावून घाम फोडला, आणि कॉर्टिसोल वाढायला वेळ देऊन मग चाचणी घेतली. वाचून तयारी केलेल्यांची स्मरणशक्ती ताणाने घसरली. आठवून तयारी केलेल्यांवर ताणाचा तसा परिणाम दिसला नाही. एकाच गोष्टीकडे जायच्या अनेक पायवाटा पडल्या असतील, तर एक बुजली तरी दुसरीने जाता येतं, असं संशोधकांचं म्हणणं आहे. माझ्या मते बारावीच्या प्रत्येक मुलाला अकरावीच्या पहिल्या आठवड्यात हे शिकवायला हवं.

आता संध्याकाळी ती पुस्तक मिटते, कोरा कागद घेते आणि आठवेल ते लिहिते. पहिले चार दिवस कागद अर्धा रिकामा राहायचा. "मला काहीच येत नाही," म्हणून पुन्हा रडू. खरं तर रिकामी जागा पेपरात सापडण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या टेबलावर सापडलेली बरी, हे पटायला आठवडा गेला.

झोपेचंही सांगायला हवं. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. त्यामुळे मुलं अकराच्या आत झोपत नाहीत, यात आळस नसतो. पण बॅच सहाचीच असते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि दिवसा शिकलेलं हिप्पोकॅम्पसकडून मेंदूच्या कायमच्या साठ्याकडे नेण्याचं बरंच काम गाढ झोपेतच होतं. रात्री दोनपर्यंत जागून केलेला धडा पक्का करायची वेळच आपण कापून टाकतो. आम्ही पहाटेची बॅच सोडून संध्याकाळची घेतली. त्यासाठी मला शाळेतली माझी वेळ बदलून घ्यावी लागली, पण ते जमलं.

पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली की गुण वाढतात, असं २०११ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही, म्हणून मी तो उपाय तिला सांगितला नाही. श्वासाचा सांगितला, कारण त्यामागचं शरीरशास्त्र साधं आहे: श्वास सोडताना व्हेगस नावाची चेता हृदयाची गती कमी करते. घेतो त्यापेक्षा सावकाश सोडायचा, दोन-तीन मिनिटं.

रोजच्या ताणापलीकडे काही दिसलं, जेवण सुटलं, मूल बोलेनासं झालं, जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं, तर श्वास आणि वेळापत्रक पुरत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास चालतो. आमच्या फ्रिजच्या दारावर तो लिहिलेला आहे.

सटाण्याला ती पहिल्या रात्री अकरा तास झोपली. सकाळी पप्पांबरोबर बागेत गेली तेव्हा ते ठिबकचा व्हॉल्व्ह उघडत होते. पहिलं पाणी हलकं द्यायचं, एकदम भिजवायचं नाही, असं ते तिला सांगत होते. तिने मला फोनवर उघड्या काड्यांचा फोटो पाठवला.

पुढच्या रविवारी तिचे गुण फारसे वाढले नाहीत, नऊच वाढले. परतताना अशोक स्तंभाजवळ गाडी पुन्हा अडकली. मी मुद्दाम मागे वळून विचारलं, "काही आठवतंय का?" तिने जरा विचार केला. "नाही गं. येत नव्हते ते तीन प्रश्न येतच नव्हते. ते आज रात्री बघते."