ट्रायक्लोसान: हातावरून मोरीत, मोरीतून नदीत

साबणाच्या वेष्टनावरचा ‘अँटिबॅक्टेरियल’ हा शब्द रुग्णालयातून आला. ट्रायक्लोसान हे रसायन पुढे सीबा-गायगी झालेल्या स्वित्झर्लंडच्या कंपनीने १९६०च्या दशकात बनवलं आणि १९७२मध्ये ते शस्त्रक्रियेआधी हात घासायच्या द्रावणात आलं. तिथे ते शोभत होतं. पुढे ते टूथपेस्ट, डिओडरंट, मोजे, अगदी भाजी चिरायच्या फळीपर्यंत पोचलं.

जंतुनाशक जिवाणूवर चहूबाजूंनी तुटून पडतं, पेशीचं आवरणच फाडतं, मग त्याला प्रतिरोध येणार कुठून, अशी तेव्हा समजूत होती. १९९८मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने ती मोडली. ट्रायक्लोसान ई. कोलाय या जिवाणूमधलं नेमकं एक विकर (एन्झाइम) पकडतं, असं त्यांना दिसलं. फॅब-आय हे ते विकर, मेदाम्लं (फॅटी अ‍ॅसिड) बनवण्याच्या कामातलं. त्याच्या जनुकात एक छोटा बदल झाला की पकड सुटते. म्हणजे चाल थेट प्रतिजैविकाची! क्षयरोगावरचं आयसोनियाझिडही याच कुळातल्या विकरावर काम करतं.

हातावर हे रसायन अर्धा मिनिट असतं, त्यानंतरचा प्रवास गटारातला. १९९९-२००० मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाने ३० राज्यांतल्या १३९ ओढ्या-नद्यांचं पाणी तपासलं, तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणी ट्रायक्लोसान सापडलं. (नमुने मुद्दाम वस्ती आणि गोठ्यांच्या खालच्या अंगाचे होते, हे खरं.) सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाण्यातून ते बरंचसं निघतं, पण त्यातलं काही गाळात जाऊन बसतं, आणि तो गाळ खत म्हणून शेतात पसरला जातो. नदीत उरलेल्यातलं थोडं उन्हाने डायऑक्सिन या विषारी रसायनकुळातल्या एका प्रकारात बदलतं.

प्रक्रियेच्या टाकीत जिवाणूंची दाटी असते आणि रसायन अगदी थोडं: मारायला अपुरं, छळायला पुरेसं. अशा वेळी ज्या जिवाणूंच्या आवरणातले पंप जोरात चालतात ते तगतात. हे पंप आत आलेलं विष बाहेर फेकतात, आणि ते निवडक नसतात. ट्रायक्लोसानबरोबर टेट्रासायक्लीन, सिप्रोफ्लोक्सासिन ही प्रतिजैविकंही बाहेर टाकतात. प्रयोगशाळेत हे स्पष्ट दिसतं. सांडपाण्यात मात्र प्रतिजैविकं, जड धातू सगळंच मिसळलेलं, त्यामुळे एकट्या ट्रायक्लोसानचा वाटा वेगळा काढणं अवघड.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नियमाचा मसुदा १९७८मध्येच काढला होता. तो रेंगाळला, २०१०मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, आणि सप्टेंबर २०१६मध्ये हात-अंग धुण्याच्या घरगुती साबणांतून ट्रायक्लोसानसह १९ रसायनांना मनाई झाली. कारण नदीचं नव्हतंच. साध्या साबण-पाण्यापेक्षा हे सरस आहे आणि रोज वापरायला सुरक्षित आहे, हे उत्पादकांना दाखवता आलं नाही, एवढंच.

त्याच निर्णयात बेन्झालकोनियम क्लोराइड या दुसऱ्या जंतुनाशकासह तीन रसायनांना पुरावा द्यायला मुदत मिळाली. बेन्झालकोनियम १९३५पासून वापरात आहे आणि तेही त्याच मोरीतून जातं. त्याला दाद न देणारी ‘क्यूएसी’ जनुकं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर असतात, आणि तिथे पुष्कळदा सल्फा औषधांना प्रतिरोध देणारं जनुक त्यांना चिकटूनच बसलेलं असतं.