खसखशीहून लहान साक्षीदार

‘पृथ्वीचं वय आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं’ असा मजकूर अधूनमधून मोबाइलवर येतो. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, विज्ञान म्हणतं पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची. बघा, किती जवळ! पण पूजेच्या संकल्पात आपण काय म्हणतो ते आठवा: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युगचक्र. या हिशोबाने चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षंच सरली आहेत. ४३२ कोटी हा पूर्ण दिवसाचा आकडा, उलटून गेलेल्या काळाचा नव्हे. आणि २२ कोटींची तफावत किरकोळ म्हणावी, तर तेवढ्यात डायनोसॉरांची भरभराट, त्यांचा अंत आणि माणसाचा सगळा इतिहास मावतो. कल्पाची कल्पना भव्य आहेच. पण पृथ्वीचं वय मोजून काढलेलं आहे, आणि ते कसं मोजतात हे मला त्या आकड्याहूनही विलक्षण वाटतं.

भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षं हे वय काढलं ते पृथ्वीच्याच सुमारास घडलेल्या उल्कापाषाणांतल्या शिशावरून. पृथ्वीवरचे सुरुवातीचे खडक त्यांच्या हाताशी नव्हतेच. पहिल्या पन्नासेक कोटी वर्षांचं कवच पुन्हा वितळलं, दबलं, झिजून गेलं. कॅनडातला अकास्टा नाईस हा खडक ४०३ कोटी वर्षांचा, आणि तोही त्या काळाच्या अगदी शेवटचा. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण त्यापुढे कालचा, जेमतेम साडेसहा कोटींचा. या हरवलेल्या काळाला भूशास्त्रज्ञ प्रेस्टन क्लाउड यांनी १९७२ मध्ये ‘हेडियन’ नाव दिलं, ग्रीकांच्या पाताळावरून. डोळ्यांपुढे चित्र एकच होतं: लाव्हाचा समुद्र आणि वरून दगडांचा मारा.

खडक गेले, पण त्यांतले काही कण उरले. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथल्या सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीच्या, गोट्यांच्या थरातून झालेल्या खडकात झिरकॉन या टणक खनिजाचे बारीक स्फटिक सापडतात. त्यांतल्या एकाचं वय २००१ मध्ये ४४० कोटी वर्षं भरलं. आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आत, खसखशीच्या दाण्याहून लहान.

झिरकॉन शिलारसातून घडतो तेव्हा त्यातल्या झिरकोनियम या मूलद्रव्याच्या काही जागा युरेनियमचे अणू पटकावतात, कारण दोघांचा विद्युतभार सारखा, +४, आणि आकारही जवळपासचा. शिशाचा भार +२, आकार मोठा. त्याला स्फटिकातल्या अणूंच्या जाळीत जवळजवळ जागाच मिळत नाही. म्हणजे घड्याळ शून्यापासून सुरू होतं. पुढे युरेनियमचा क्षय होऊन शिसं बनतं आणि स्फटिकात अडकून राहतं. आज जे शिसं दिसेल ते बहुतेक सगळं तिथेच जन्मलेलं.

खरी गंमत अशी की एका दाण्यात घड्याळं दोन असतात, कारण युरेनियमच दोन प्रकारचं असतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, ४४७ कोटी वर्षं, त्याचं शिसं-२०६ होतं. युरेनियम-२३५ चं ७० कोटी, त्याचं शिसं-२०७. चारशे चाळीस कोटी वर्षांत पहिलं साधारण अर्धं उरतं, तर दुसऱ्याचे शंभरातले जेमतेम एखाद-दुसरे अणू. मधल्या काळात दाणा तापून शिसं निसटलं, तर दोन्ही प्रकारचं शिसं सारख्याच प्रमाणात निसटतं, कारण रासायनिकदृष्ट्या ते एकच. पण दोन युरेनियमांचा वेग वेगळा असल्याने मग दोन्ही घड्याळांचं उत्तर जुळत नाही आणि गळती उघडी पडते. दोन्ही जुळली तर ते वय विश्वासाचं.

तरी शंका उरली होती. शिसं दाण्यातल्या दाण्यात सरकून एका ठिकाणी गोळा झालं असेल, तर तिथलं वय फुगून येईल. २०१४ मध्ये भूशास्त्रज्ञ जॉन व्हॅली आणि सहकाऱ्यांनी अशाच एका दाण्यातले अणू अक्षरशः एकेक करून मोजले. शिसं गोळा झालेलं होतं, पण नॅनोमीटरांत मोजावे इतक्या छोट्या पुंजक्यांत. वय मोजताना दाण्यावर सोडतात तो कणांचा झोत त्याहून हजारो पट रुंद असतो, त्यामुळे वयाला धक्का लागला नाही. त्या दाण्याचं वय ४३७ कोटी वर्षं.

याच स्फटिकांतला ऑक्सिजन आणखी एक गोष्ट सांगतो. थेट प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, आलेल्या झिरकॉनपेक्षा यांतल्या काहींत ऑक्सिजन-१८ हा ऑक्सिजनचा जड प्रकार जास्त आहे. असा खडक आधी पृष्ठभागाजवळ, कमी तापमानाला, पाण्याच्या संगतीत बदललेला असावा लागतो. नंतर तो वितळला आणि त्या रसातून हे दाणे घडले. म्हणजे ४३० कोटी वर्षांपूर्वीच पृथ्वीवर द्रवरूप पाणी असावं, बहुधा समुद्रही. पाताळाचं नाव दिलेल्या काळात!

असे दाणे भारतातही आहेत. ओडिशात केओंझर जिल्ह्यातल्या चंपुआ भागातल्या खडकातून मिळालेल्या दोन झिरकॉनांची वयं २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली: ४२४ कोटी आणि ४०३ कोटी वर्षं. ज्या खडकात ते सापडले तो त्यांच्याहून कितीतरी तरुण. जुना खडक वितळला, नवा घडला, आणि हे दोन दाणे त्या रसातही न विरघळता तसेच राहिले.