‘रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’: कंटेनर आणि होस्ट एकमेकांना सापडत नाहीत तेव्हा

कंटेनरमधलं (डॉकरसारख्या साधनाने वेगळ्या खोक्यात चालवलेलं) ॲप होस्टवरच्या, म्हणजे तो कंटेनर चालवणाऱ्या मशीनवरच्या, डेटाबेसला जोडलं जात नाही, अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एरर लगेच आली, की बराच वेळ काहीच न होता मग आली? ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ या दोन्हींचा अर्थ आपण ‘कनेक्ट होत नाही’ एवढाच घेतो आणि भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करत बसतो. रिफ्यूज्ड आलेलं असताना कोणी राउटिंग टेबल (कुठलं पॅकेट कोणत्या वाटेने जायचं त्याचा तक्ता) बदलतं, टाइम्ड आउट आलेलं असताना कोणी डेटाबेस पुन्हापुन्हा रीस्टार्ट करतं. वेळ तर जातोच, वर चांगलं चालणारं काहीतरी बिघडवून ठेवलं जातं.

आधी खाली काय घडतं ते पाहू. टीसीपी (नेटवर्कवर दोन प्रोग्रॅमना जोडणारा प्रोटोकॉल) कनेक्शन सुरू करताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, एक ‘सिन’ पॅकेट पाठवतो. ते पोचलं, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) कोणी ऐकत नसेल, तर समोरचा कर्नल ताबडतोब ‘रीसेट’ पॅकेट परत पाठवतो. हा नियम टीसीपीच्या १९८१ सालच्या आरएफसी ७९३ या मानक दस्तऐवजात आहे, आणि २०२२ मध्ये तिच्या जागी आलेल्या आरएफसी ९२९३ मध्येही तो तसाच आहे. हे रीसेट हाती आलं की ॲप म्हणतं, रिफ्यूज्ड. टाइम्ड आउटमध्ये मात्र काहीच परत येत नाही. लिनक्स वाट पाहतो, सिन पुन्हा पाठवतो, प्रत्येक वेळी दुप्पट थांबतो. मूळ सेटिंगनुसार असे सहा पुनर्प्रयत्न होतात आणि १, २, ४ असं ६४ पर्यंत करत बेरीज १२७ सेकंदांवर जाते. नव्या कर्नलमध्ये सुरुवातीचे काही प्रयत्न एकेका सेकंदाने होतात, त्यामुळे हा काळ थोडा वाढून १३१ सेकंदांवर गेला आहे. ॲपची स्वतःची मर्यादा पाच-दहा सेकंदांची असेल तर एरर त्याआधीच दिसते.

‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा मारून परत आलेलं पत्र आणि पाठवल्यानंतर ज्याचा काहीच ठावठिकाणा लागला नाही असं पत्र, असा हा फरक आहे. पहिल्यात पोस्टमन दारापर्यंत जाऊन आला हे नक्की कळतं. म्हणून रिफ्यूज्ड ही माझ्या दृष्टीने चांगली बातमी आहे: जायचा आणि यायचा, दोन्ही रस्ते चालू आहेत. राउटिंगला हात लावायचं कारण उरत नाही.

प्रश्न एवढाच उरतो, की पॅकेट नेमकं कोणाच्या दारात गेलं? कंटेनरच्या बाबतीत सगळी गंमत इथे आहे. लिनक्समध्ये मूळ सेटिंगनुसार प्रत्येक कंटेनरला स्वतःचं वेगळं नेटवर्क नेमस्पेस मिळतं: स्वतःचा इंटरफेस, स्वतःचं राउटिंग टेबल आणि स्वतःचा लूपबॅक (स्वतःलाच हाक मारायचा इंटरफेस). त्यामुळे कंटेनरमध्ये ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की तो कंटेनरच. लॅपटॉपवर चालणारी सेटिंग फाइल तशीच्या तशी कंटेनरमध्ये नेली आणि तिच्यात डेटाबेसचा पत्ता लोकलहोस्ट, पोर्ट ५४३२ असा असला, तर सिन पॅकेट कंटेनरच्या बाहेर पडतच नाही. आतच रीसेट मिळतं. होस्टवरचं पोस्टग्रेस (तिथला डेटाबेस) ठणठणीत चालू असतं, आणि त्याला कोणी हाक मारल्याचं कळतही नाही.

इथे होस्टचा खरा पत्ता द्यावा लागतो. लिनक्सवर डॉकर इन्स्टॉल केलं की ‘डॉकर-झीरो’ नावाचा एक ब्रिज, म्हणजे कंटेनर आणि होस्ट यांना जोडणारा आभासी स्विच, तयार होतो. त्याची रेंज सहसा १७२.१७.०.०/१६ (१७२.१७ ने सुरू होणारे सगळे पत्ते) असते आणि होस्ट स्वतः तिथे १७२.१७.०.१ या पत्त्यावर बसतो. मॅक आणि विंडोजवरच्या डॉकर डेस्कटॉपमध्ये ‘होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल’ हे नाव तयार मिळतं. लिनक्सवर ते आपोआप मिळत नाही. डॉकर २०.१० पासून कंटेनर सुरू करताना हे नाव ‘होस्ट-गेटवे’ या खास किमतीशी जोडायची सोय आहे, ती वापरावी. आकडे कोडमध्ये कोरून ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पत्ता बरोबर दिला आणि तरीही रिफ्यूज्डच आलं, तर आता पॅकेट होस्टपर्यंत गेलेलं आहे. पोस्टग्रेसच १७२.१७.०.१ वर ऐकत नाही. त्याची मूळ सेटिंग फक्त लोकलहोस्टवर ऐकण्याची असते. डेबियन आणि उबुंटूवरचं मायएसक्यूएलही १२७.०.०.१ ला बांधलेलं येतं. होस्टवर ‘एसएस’ कमांड चालवून ५४३२ समोर कोणता पत्ता दिसतो ते पाहिलं की मिनिटभरात निकाल लागतो. इथे बरेच जण सरळ ‘सगळ्या पत्त्यांवर ऐक’ असं करून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका, निदान सार्वजनिक आयपी असलेल्या सर्व्हरवर तरी नाही. लोकलहोस्टच्या जोडीला फक्त ब्रिजचा पत्ता द्या. मात्र मशीन बूट होताना पोस्टग्रेस आधी आणि डॉकर नंतर सुरू झालं, तर तो पत्ता त्या क्षणी अस्तित्वातच नसतो आणि रीस्टार्टनंतर सकाळी पुन्हा रिफ्यूज्ड दिसतं. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेत) पोस्टग्रेसला डॉकरनंतर सुरू करायला सांगितलं की हे थांबतं. यानंतर ‘पीजी एचबीए’ फाइलमध्ये (कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या फाइलमध्ये) नोंद नसल्याची एरर आली तर आनंद माना. नेटवर्कचं काम संपलं, आता स्वतः डेटाबेस तुमच्याशी बोलतोय.

पण अनेकदा याच टप्प्यावर रिफ्यूज्ड जातं आणि त्याच्या जागी टाइम्ड आउट येतं. लोकांना वाटतं, आपण काहीतरी मोडलं. उबुंटूवर यूएफडब्ल्यू (तिथलं फायरवॉल साधन) चालू असेल तर हे अगदी अपेक्षित आहे. १७२.१७.०.१ ला जाणारं पॅकेट खुद्द होस्टसाठी आलेलं असतं, म्हणून ते फायरवॉलच्या ‘इनपुट’ साखळीतून, म्हणजे होस्टसाठी आलेल्या पॅकेट्सच्या नियमांतून, जातं. यूएफडब्ल्यूचं मूळ धोरण येणारी पॅकेट्स गुपचूप टाकून देण्याचं आहे. गुपचूप म्हणजे रीसेट नाही, काहीच नाही. आधी लोकलहोस्टला जाणारी पॅकेट्स कंटेनरच्या आतच संपत होती, म्हणून फायरवॉलचा संबंधच येत नव्हता.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘यूएफडब्ल्यू चालू असूनही माझ्या कंटेनरचं पब्लिश केलेलं (होस्टच्या पोर्टला जोडलेलं) पोर्ट बाहेरून उघडं दिसतं, मग डॉकरला यूएफडब्ल्यू लागूच कुठे होतं?’ निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. बाहेरून पब्लिश केलेल्या पोर्टवर आलेल्या पॅकेटचा पत्ता डॉकर ‘प्रीराउटिंग’मध्येच, म्हणजे वाट ठरायच्या आधीच, बदलून कंटेनरचा करतो. पुढे ते ‘फॉरवर्ड’ साखळीतून (दुसरीकडे पाठवायच्या पॅकेट्सच्या नियमांतून) जातं आणि यूएफडब्ल्यूचे इनपुटमधले नियम त्याला पाहतही नाहीत. कंटेनरकडून होस्टकडे येणारं पॅकेट मात्र इनपुटमध्येच जातं. त्यामुळे एकाच मशीनवर, एकाच फायरवॉलखाली, बाहेरून आत यायला मोकळीक आणि आतून होस्टकडे यायला बंदी, असं उलटं चित्र दिसतं. शिवाय यूएफडब्ल्यू पिंगला मूळातच परवानगी देतं. कंटेनरमधून पिंग छान चालतं, ५४३२ वर टाइम्ड आउट येतं, आणि माणूस पोस्टग्रेसवर संशय घेतो.

उपाय म्हणजे कंटेनरच्या रेंजमधून ५४३२ ला परवानगी देणारा नियम. तो लिहिताना एक खाचखळगा आहे. इंटरनेटवर मिळणारे पुष्कळसे नियम डॉकर-झीरो या इंटरफेसवर लिहिलेले असतात. डॉकर कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) मात्र प्रत्येक प्रोजेक्टसाठी स्वतंत्र ब्रिज बनवतो, वेगळ्या नावाचा, १७२.१८ किंवा त्यापुढच्या रेंजचा. होस्ट-गेटवे तिथेही बहुधा १७२.१७.०.१ च दाखवतो, पण पॅकेट येतं दुसऱ्याच ब्रिजवरून. नियम जुळत नाही आणि टाइम्ड आउट कायम. म्हणून कंपोज फाइलमध्ये नेटवर्कची रेंज स्वतः ठरवून द्यावी आणि नियमात नेमकी तीच लिहावी. सरसकट १७२.१६.०.०/१२ ला (१७२.१६ ते १७२.३१ पर्यंतच्या सगळ्या पत्त्यांना) परवानगी दिली की काम होतं हे खरं, पण ऑफिसचं नेटवर्क त्याच रेंजमध्ये असेल तर सगळ्या ऑफिसला डेटाबेसचं दार उघडं होतं.

आणि ऑफिसचं नेटवर्क त्याच रेंजमध्ये असणं दुर्मीळ नाही. खऱ्या अर्थाने राउटिंगचा दोष म्हणावा तो इथे सापडतो. डॉकर नव्या नेटवर्कसाठी १७२.१७ ते १७२.३१ मधला एकेक /१६ तुकडा उचलतो, ते संपले की १९२.१६८ कडे वळतो. समजा सर्व्हरवर एखाद्या कंपोज प्रोजेक्टने १७२.२०.०.०/१६ घेतला आणि कंपनीचं व्हीपीएनही कर्मचाऱ्यांना १७२.२० मधलेच पत्ते देतं. कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवरून निघालेलं सिन सर्व्हरपर्यंत नीट येतं. उत्तर द्यायची वेळ आली की सर्व्हर आपलं राउटिंग टेबल पाहतो. त्यात १७२.२० म्हणजे डॉकरचा ब्रिज. उत्तर तिकडे जातं आणि हरवतं. लॅपटॉपवर टाइम्ड आउट. घरून व्हीपीएनने जोडलेल्यांनाच त्रास होतो, ऑफिसात बसलेल्यांचं सुरळीत चालतं, म्हणून दोष व्हीपीएनच्या माथी मारला जातो. सर्व्हरवर ‘आयपी राउट गेट’ला त्या लॅपटॉपचा पत्ता देऊन विचारा. उत्तरात ‘बीआर’ने सुरू होणारा इंटरफेस दिसला की दुखणं सापडलं. डॉकरच्या डेमन फाइलमध्ये (मुख्य सेटिंग फाइलमध्ये) पत्त्यांचे वेगळे पूल ठरवून द्या, पण आधीची नेटवर्क्स आपोआप हलत नाहीत. ती काढून पुन्हा बनवावी लागतात.

या दोघींच्या मधे ‘नो राउट टू होस्ट’ ही तिसरी एरर घुसते, आणि तिचं नाव सगळ्यात जास्त फसवतं. फेडोरासारख्या सिस्टमवर फायरवॉलडी (तिथलं फायरवॉल) पॅकेट टाकून न देता ‘मनाई आहे’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) निरोप पाठवतं. लिनक्स त्याचं भाषांतर नो राउट असं करतो. राउट असतो, परवानगी नसते. हे झटकन येतं. तीच एरर साधारण तीन सेकंदांनी येत असेल, तर जवळच्याच नेटवर्कवर असायला हवा तो पत्ता एआरपीला (‘हा पत्ता कोणाचा?’ या स्थानिक विचारणेला) उत्तर देत नाहीये. कंटेनर बंद पडलाय किंवा वर सांगितलेली रेंजची टक्कर झाली आहे. फायरवॉलचा नियम ‘रिजेक्ट’ प्रकारचा असेल तर रिफ्यूज्डही फायरवॉलकडून येऊ शकतं, हा अपवाद लक्षात असू द्या.

उलट्या दिशेने, म्हणजे होस्टवरून कंटेनरकडे जाताना, एकच चूक दोन चेहरे दाखवते. फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर मूळात १२७.०.०.१ वर ऐकतो. कंटेनरमध्ये तो तसाच चालवला आणि पोर्ट पब्लिश केलं, तरी त्याच्यापर्यंत बाहेरचं कोणी पोचू शकत नाही. दुसऱ्या मशीनवरून पाहिलं तर रिफ्यूज्ड. होस्टच्याच लोकलहोस्टवरून पाहिलं तर मधला ‘डॉकर-प्रॉक्सी’ कनेक्शन आधी स्वीकारतो, आत जायला जागा मिळत नाही आणि मग तोडतो, म्हणून ‘कनेक्शन रीसेट’ किंवा रिकामं उत्तर. ॲपला आत ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर, ऐकायला सांगणं हाच इलाज. कंटेनरच्या आत हे करणं ठीक आहे, बाहेर काय उघडायचं ते पब्लिश करताना ठरतं. मॅकवर थेट १७२.१७.०.२ ला जोडायचा प्रयत्न करणाऱ्यांना टाइम्ड आउट मिळतं, कारण तो ब्रिज मॅकवर नसतोच, आतल्या लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये असतो. तिथे राउट घालत बसू नये, पोर्ट पब्लिश करावं.

शंका उरली की होस्टवर ब्रिजच्या इंटरफेसवर ‘टीसीपीडम्प’ (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) लावावा. सिन येतं आणि रीसेट जातं, तर ॲप कुठे ऐकतंय ते पाहा. सिनवर सिन येत राहतात आणि उत्तर नाही, तर फायरवॉल किंवा परतीचा रस्ता. सिनच दिसत नसेल, तर पत्ता चुकलाय किंवा तुम्ही भलत्या ब्रिजवर पाहताय. येणारं पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधीच दिसतं, त्यामुळे इथे दिसलं म्हणजे फायरवॉलने सोडलं असं समजू नका. कंटेनरमध्ये ही साधनं नसतील तर इमेजमध्ये घालायची गरज नाही. ‘एनएसएंटर’ने फक्त त्याच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये शिरून होस्टचीच साधनं वापरता येतात.

कधी दोन्हींपैकी एकही एरर येत नाही. कनेक्शन जुळतं, छोट्या क्वेरी चालतात आणि मोठं उत्तर आलं की सगळं गोठतं, किंवा टीएलएसची (कनेक्शनच्या एनक्रिप्शनची) सुरुवातच अडकते. तेव्हा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) पाहा. ब्रिज १५०० बाइटचं पॅकेट धरून चालतो, व्हीपीएनच्या बोगद्यात तेवढं मावत नाही, आणि ‘लहान करून पाठव’ हा आयसीएमपी निरोप वाटेत कोणीतरी अडवलेला असतो. डॉकरचा एमटीयू व्हीपीएन इंटरफेसइतका करावा. डेमन फाइलमध्ये लिहिलेला एमटीयू फक्त मूळ ब्रिजला लागू होतो, कंपोजच्या नेटवर्कला तो त्या नेटवर्कच्या ड्रायव्हर ऑप्शन्समध्ये वेगळा द्यावा लागतो.