आधी उचलायचं, मग सोडून द्यायचं

आर्किमिडीजच्या दोन गोष्टी शाळेतच कानावर पडतात. एक 'युरेका' ओरडत ओलेत्यानं रस्त्यावर धावल्याची, दुसरी आरशांनी ऊन परतवून रोमन जहाजं जाळल्याची. तिसरी फारशी कुणी सांगत नाही, आणि पुरावा पाहायचा तर तीच सगळ्यांत भक्कम आहे. या गोष्टीत सिराक्यूज शहराच्या तटावरून एक लोखंडी हात खाली येतो, जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पकडतो आणि जहाज शेपटीवर उभं करतो.

साल इ.स.पू. २१३. सिसिली बेटावरचं सिराक्यूज हे श्रीमंत ग्रीक शहर. राजा दुसरा हिएरो जिवंत होता तोवर रोमशी सख्य होतं. तो गेल्यावर शहर रोमचा कट्टर शत्रू असलेल्या कार्थेजच्या बाजूला झुकलं आणि रोमन सेनापती मार्सेलस ६० मोठी लढाऊ जहाजं घेऊन समुद्राकडच्या तटावर चालून आला. अशा एका जहाजावर तीनेकशे वल्हेकरी आणि शंभरावर सैनिक मावत. आठ जहाजांची तर त्यानं दोन-दोन करून जोडी बांधली होती. आतल्या बाजूची वल्ही काढून टाकलेली, आणि वर चार फूट रुंदीची भलीमोठी शिडी, डोलकाठ्यांवरच्या कप्प्यांतून दोर ओढून उभी करायची. उभी राहिली की ती 'सांबुका' नावाच्या तंतुवाद्यासारखी दिसे, म्हणून तिचं नावही तेच पडलं.

आर्किमिडीजचं वय तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास. हिएरोच्या आग्रहावरून त्यानं यंत्रं आधीच करून ठेवली होती. लांब पल्ल्याची, मधल्या पल्ल्याची आणि अगदी जवळ मारा करणारी. जहाज एका यंत्राच्या पल्ल्यातून सुटलं की दुसऱ्याच्या पल्ल्यात शिरे. तटाच्या भिंतीत माणसाच्या उंचीवर भोकं पाडलेली होती, बाहेरून जेमतेम तळहाताएवढी. त्यामागून बाण सुटत.

या यंत्रांची ताकद जनावरांच्या स्नायूंचे किंवा केसांचे दोर पिळून साठवलेली असे. किती वजनाच्या दगडासाठी पिळाची जुडी किती जाड हवी, याचं ग्रीकांकडे चक्क सूत्र होतं, आणि त्यात घनमूळ होतं! दगड आठपट जड झाला तर जुडीची जाडी फक्त दुप्पट करायची. सुमारे २६ किलोच्या दगडासाठी ती वीस बोटं, म्हणजे ३९ सेंटीमीटरच्या आसपास निघते. घनमूळ काढायचं यंत्र रचणाऱ्या एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानानं ते दगडफेकी यंत्रांसाठीही उपयोगी आहे असं मुद्दाम लिहून ठेवलंय. आर्किमिडीजचा त्याच्याशी पत्रव्यवहार होता. भूमिती ही निरुपयोगी माणसांची करमणूक आहे असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता तो हात. कोकणात विहिरीवर पूर्वी लाट असायची: खांबावर आडवं लाकूड, एका टोकाला पोहरा, दुसऱ्याला दगडाचं वजन. आर्किमिडीजचं यंत्र याच घराण्यातलं. तटावरून एक तुळई समुद्रावर वळायची, तिच्या टोकाला साखळी आणि साखळीला लोखंडी पंजा. चालवणारा पंज्यानं नाळ पकडायचा, मग तटाच्या आतल्या बाजूला तुळईचं दुसरं टोक खाली दाबलं जायचं. नाळ वर, शेपूट पाण्यात. मग यंत्र तसंच जखडून ठेवायचे आणि झटक्यात पंजा सोडायचे.

एवढं अवजड जहाज उचलणार कसं, ही शंका रास्त आहे. पण सगळं जहाज उचलायचं नव्हतंच. लांब फळीचं एक टोक उचलताना दुसरं जमिनीवर टेकलेलं असतं, तसं इथं मागच्या भागाचं ओझं पाणी पेलत होतं. माझ्या मते खरी खुबी पुढे आहे. जहाज आडवं कलंडत नाही याचं एक मोठं कारण म्हणजे पाण्याच्या पातळीवर त्याचा ऐसपैस पसारा. नाळ वर गेली की तो पसारा आखडतो, आणि एका अंगाला जरासा झोल गेला तरी जहाज सावरत नाही. त्यात डेकवरचे सैनिक घसरून मागे गोळा होणार, मागची वल्ह्यांची भोकं पाण्याखाली जाणार. आणि अशा अवस्थेत वरचा आधार एकदम सुटतो. तरंगत्या वस्तू कलल्यावर पुन्हा सरळ केव्हा होतात, यावर आर्किमिडीजनं 'तरंगत्या वस्तूंविषयी' हा ग्रंथ लिहिला होता. त्यातलं गणित यंत्र करताना वापरलं असं कुणी नोंदवलेलं नाही, पण जहाजाचं मर्म त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं?

पोलिबियस हा इतिहासकार या वेढ्यानंतर दोनेक पिढ्यांत लिहीत होता. तो सांगतो, काही जहाजं कुशीवर पडली, काही उलटली, आणि बहुतेकांची नाळ उंचावरून आपटून आत पाणी आणि गोंधळ दोन्ही भरले. प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार तीनेकशे वर्षांनी लिहितो आणि जहाजं हवेत गरगर फिरवतो. तिथं मी पोलिबियसबरोबर राहीन.

सांबुकांसाठी वेगळा पाहुणचार होता. अडीचशे किलोंच्या वरचे दगड आणि शिशाचे गोळे तुळयांवरून थेट त्यांच्यावर पडत. मार्सेलसला विनोदबुद्धी होती. तो म्हणाला, आर्किमिडीज माझ्या जहाजांचे पेले करून समुद्राचं पाणी उपसतोय, आणि माझ्या सांबुकेला मात्र मार देऊन मेजवानीतून हाकललंय. त्याच्या सैनिकांना हसू येत नव्हतं. तटावरून दोराचा तुकडा किंवा लाकूड डोकावलं तरी ते पळ काढत, असं प्लुटार्क लिहितो.

आरशांचं काय? पोलिबियस, रोमन इतिहासकार लिव्ही, प्लुटार्क, तिघांच्याही लिखाणात त्यांचा पत्ता नाही. २००५ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १२७ आरसे लावून तीसेक मीटरवरच्या लाकडी प्रतिकृतीला आग लावून दाखवली, पण ती जागची हलत नव्हती आणि आकाश निरभ्र होतं.

रोमनांनी शेवटी हल्ले थांबवले आणि नाकेबंदी करून वाट पाहिली. पुढे ट्रॉगिलस बंदराजवळच्या एका बुरुजापाशी कैद्याच्या सुटकेची बोलणी चालू असताना एका रोमनानं तटातल्या दगडांचे थर मोजले, एका थराची उंची अदमासे धरली आणि गुणाकार केला. तट वाटत होता तितका उंच नव्हता. मग आर्टेमिस देवीचा उत्सव आला. शहरात अन्न कमी आणि वाइन मुबलक होती. त्या रात्री मार्सेलसची माणसं साध्या शिड्या लावून चढली. पहारेकरी झोपलेले होते.