परदेशी जाताय? कोविड टेस्टचा स्वॅब द्यायच्या आधी पासपोर्ट काढा

(आमच्या कलेक्शन सेंटरच्या ग्राहकांसाठी, जानेवारी २०२२. यातले प्रवासाचे नियम आणि दर तेव्हाचे, आताचे नाहीत.)

"परदेशी जायला कोविडची टेस्ट लागते, ती नक्की कधी करायची?" असा फोन आला की आमचा उलट प्रश्न ठरलेला असतो: तिकिटावर विमान सुटायची तारीख काय छापली आहे? "बुधवारी रात्री निघतोय" हे उत्तर आमच्या कामाचं नाही. पुण्याहून तुम्ही बुधवारी संध्याकाळी गाडीत बसता हे खरं, पण मुंबईहून विमान रात्री दीडला सुटतं तेव्हा गुरुवार लागलेला असतो.

अमेरिकेला जाणाऱ्यांना हे महागात पडतं. ६ डिसेंबर २०२१ पासून अमेरिकेने विमानाआधी टेस्ट करायची तीन दिवसांची मुदत एका दिवसावर आणली आहे, आणि तो दिवस तासांनी नाही, तारखेने मोजतात. वरच्या विमानासाठी बुधवारी उजाडल्यापासून कधीही दिलेला स्वॅब चालतो. मंगळवारी संध्याकाळी "एकदाचं उरकून टाकू" म्हणून दिलेला चालत नाही. वाटेत विमान बदलायचं असलं तरी सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असेल आणि कुठलाही थांबा २४ तासांवर जात नसेल, तर मुंबईहून सुटणारं पहिलं विमानच धरायचं. अमेरिकेला नेहमीच्या आरटी-पीसीआर टेस्टऐवजी लॅबमध्ये केलेली ॲंटिजन (झटपट होणारी) टेस्टही चालते आणि तिचा रिपोर्ट लवकर मिळतो. यात आमचं बिल कमी होतं, पण विचारणाऱ्याला आम्ही हे सांगतोच.

दुबईला ४८ तासांच्या आतला आरटी-पीसीआर रिपोर्ट लागतो. हे तास मात्र घड्याळाचे, आणि ते स्वॅब घेतल्या क्षणापासून सुरू होतात, रिपोर्ट मोबाइलवर आल्यापासून नाही. शिवाय विमान सुटण्याआधी ६ तासांच्या आत रॅपिड पीसीआर (लगेच निकाल देणारी टेस्ट) लागते. ती विमानतळावरच होते, आमच्याकडे नाही. कॅनडाच्या थेट विमानाला दिल्ली विमानतळावरच्या ठरवून दिलेल्या लॅबचा, १८ तासांच्या आतला रिपोर्ट मागतात. त्यासाठी आमच्याकडे येऊन पैसे घालवू नका. बाकी देशांचे नियम एअरलाइनच्या वेबसाइटवर आदल्या दिवशी पुन्हा बघा. सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज बहुधा मागच्या महिन्यातला असतो.

आता ज्यासाठी हे पत्रक छापलं ते. तारखेचा घोळ फोनवरच सुटतो. नावाचा घोळ कळतो तो रिपोर्ट आल्यावर.

गेल्या महिन्यात एक काकू लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. रात्री साडेआठला खाली गाडी उभी, डिकीत डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि काका रिपोर्ट घेऊन आमच्या दारात. रिपोर्टवर सासरचं नाव. पासपोर्ट नोकरीत असताना काढलेला, त्यावर माहेरचं. लग्नात नुसतं आडनावच नाही, पाळण्यातलं नावही बदललेलं, त्यामुळे दोन कागदांवर अक्षरशः दोन बायका. फॉर्म भरताना आधार कार्ड समोर होतं, तेच उतरवलं गेलं. त्या दिवशी लॅबमध्ये डॉक्टर थांबले होते म्हणून निभावलं.

नाव पेनाने खोडून शेजारी सही केली, असं इथे चालत नाही. रिपोर्टवर क्यूआर कोड असतो. विमानतळाच्या काउंटरवर तो स्कॅन केला की लॅबची मूळ नोंद उघडते. हीच नोंद आयसीएमआरच्या (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पोर्टलवरही गेलेली असते. दुरुस्ती करायची म्हणजे नोंद बदलायची, डॉक्टरांनी पुन्हा तपासायची, नवा रिपोर्ट काढायचा. यात आमचा अर्धा दिवस जातो, आणि तुमच्याकडे नेमका तोच अर्धा दिवस नसतो.

म्हणून पासपोर्टावर जसं आहे तसंच लिहायचं. तिथे तुमच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर तेही पूर्ण. नुसती आद्याक्षरं नकोत. मराठीत जोशी एकच, इंग्रजीत शेवटी आय की डबल ई हे आम्हाला कसं कळणार? पासपोर्ट नुकताच नवीन काढला असेल तर नंबरही बदललेला असतो. जुना नंबर पाठ असतो, हात तोच लिहून जातो.

पासपोर्ट समोर ठेवल्याशिवाय आम्ही स्वॅब घेत नाही, यावर काही जण चिडतात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर काय बिघडलं, असं म्हणतात. फोटोत ३ चा ८ होतो, हे बिघडतं. आम्ही मूळ पासपोर्टावरून नोंद करतो, ती तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतो, तुमची सही घेतो आणि मगच काडी नाकात घालतो. पाच मिनिटं जास्त लागतात, पण मागे रांग असली तरी यात काटछाट नाही. तसंच, स्वॅबची वेळ "दोन तास पुढची टाका" असं कृपया सांगू नका. ते होणार नाही.

नुकताच कोविड होऊन गेला असेल तर आधी बोला. बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. अमेरिका अशा वेळी ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि आता प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र स्वीकारते.

घरी येऊन स्वॅब घेण्याचे सरकारी दराने ७०० रुपये. प्रवासाचा रिपोर्ट म्हणून वेगळे काही नाहीत. घरी आलो तरी पासपोर्ट लागतोच. बॅगेत तळाशी बांधून ठेवू नका.

त्याच दिवशी संध्याकाळी रिपोर्ट हवा असेल तर सकाळी ९ च्या आत या. दुपारी १ ते ४ आम्ही उघडे असतो, पण स्वॅब लॅबकडे नेणारी पहिली फेरी तोवर गेलेली असते.