व्हिडिओ कन्व्हर्ट केला की माणसं उंच किंवा जाडी का दिसतात?

जुन्या डीव्हीडीवरून एमपी४ बनवली आणि त्यातली सगळी माणसं अचानक उंच, काटकुळी दिसायला लागली, हे खूप जणांचं होतं, मग लोक रिझोल्यूशनचे आकडे बदलत बसतात आणि अजूनच घोळ होतो. खरी गडबड असते पिक्सेलच्या आकारात.

फाईलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक म्हणजे फ्रेममध्ये पिक्सेल किती, आणि दुसरी म्हणजे ती फ्रेम स्क्रीनवर कुठल्या रेशोत, म्हणजे रुंदी-उंचीच्या प्रमाणात, पसरायची. पाल (भारत, युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीडीची फ्रेम साधारणपणे ७२० बाय ५७६ असते, चित्र ४:३ असो नाहीतर १६:९. आता भागाकार करून बघा, ७२० भागिले ५७६ म्हणजे १.२५ येतात, ४:३ म्हणजे १.३३ आणि १६:९ म्हणजे १.७८, म्हणजे कशाशीच जुळत नाही! कारण हे पिक्सेल चौरस नसतातच, प्लेअर रेशोची नोंद वाचून त्यांना आडवं ताणतो. कन्व्हर्टरने ती नोंद टाकून दिली की चित्र बाजूंनी दबतं. एनटीएससीच्या (अमेरिका, जपानमधली जुनी टीव्ही पद्धत) ७२० बाय ४८० मध्ये ४:३ चित्र असेल तर उलटं होतं, माणसं जाडी दिसतात.

माझ्या मते सगळ्यात बिनधोक उपाय म्हणजे पिक्सेल चौरस करून टाकायचे. पालचं १६:९ असेल तर १०२४ बाय ५७६, ४:३ असेल तर ७६८ बाय ५७६, आणि पिक्सेल रेशो (एका पिक्सेलच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) १:१ ठेवायचा, नाहीतर प्लेअर परत ताणणार. जुनी नोंद तशीच ठेवूनही चालतं, पण काही प्लेअर तिच्याकडे बघतच नाहीत.

काळ्या पट्ट्या चित्रातच छापलेल्या असतील तर आधी क्रॉप, मग रिसाईझ. १९२० बाय १०८० मधून पट्ट्या कापून १९२० बाय ८०० उरलं आणि सेटिंगमध्ये १६:९ तसंच राहिलं, तर चित्र उभं ताणलं जाणारच.

आकडे सम ठेवा. नेहमीच्या एमपी४ मध्ये रंगाची माहिती दोन्ही दिशांनी अर्ध्या रिझोल्यूशनमध्ये साठवतात, म्हणून ८५३ रुंदी दिली की एन्कोडर (कन्व्हर्टरमधला फाईल बनवणारा भाग) बहुतेक वेळा एरर देतो, ८५४ चालते.

आणि तपासायला फ्रेममधली एखादी गोल वस्तू शोधा, समोरून दिसणारं चाक किंवा घड्याळ, स्क्रीनशॉट काढून तिची रुंदी आणि उंची मोजा, दोन्ही सारखी आली की रेशो बरोबर आहे. पूर्ण फाईल लावायच्या आधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा कन्व्हर्ट करून हे करा.